भिंतीतले न दिसणारे भोक

समजा तुमच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला तळहाताएवढे भोक पडले आहे आणि दिवस पौषातले आहेत. तुम्ही काय कराल? रात्र पडण्याच्या आत त्यात चिंध्यांचा बोळा कोंबाल, निदान एखादा पुठ्ठा तरी लावाल. भोक तसेच ठेवून त्याच्याशेजारी कोणी अंथरूण घालणार नाही. पण खरे सांगायचे तर जुन्या लाकडी खिडक्यांच्या घरांत राहणारी पुष्कळ माणसे अशाच भोकाशेजारी झोपत असतात. ते दिसत नाही, एवढेच. आमच्याही घरात ते होते, आणि पंधरा वर्षे पदार्थविज्ञान शिकवूनही मला ते लवकर सापडले नाही. त्याचीच ही हकिकत.

फुगणारी आणि आकसणारी खिडकी

आम्ही नाशिकला भाड्याच्या घरात राहायला आलो ते ऐन पावसाळ्यात. जुन्या इमारतीचा पहिला मजला. झोपण्याच्या खोलीला दोन खिडक्या. उत्तरेकडची संपूर्ण फळ्यांची, पूर्वेकडची तावदानांची. दोन्हींना दोन-दोन दारे, आतून कडी आणि बाहेरून लोखंडी गज. दाराच्या वर छताजवळ एक लहान झरोका. करार नेहमीसारखा अकरा महिन्यांचा. किल्ली देताना घरमालक काका म्हणाले, "सर, घर तुमचेच समजा. फक्त भिंतीला आणि चौकटीला खिळा ठोकायचा नाही. जसे दिले तसे परत हवे."

श्रावणात उत्तरेकडची खिडकी फुगली. दोघांनी ओढली तरी लागेना. लाकूड हवेतली वाफ शोषून घेते आणि फुगते. तेही तंतूंच्या लांबीत फारसे नाही, आडव्या दिशेने. हे मी वर्गात अनेकदा सांगितलेले. तरीही काकांना विचारून सुतार बोलावला आणि दारांच्या कडांवर रंधा मारून घेतला. खिडकी झक्क लागू लागली. मी खूश झालो. कोरड्या दिवसांत हेच लाकूड आकसणार आहे, याचा मी विचारच केला नाही.

मार्गशीर्षात त्याचा जाब मिळाला. दारे आकसली, रंध्याने खाल्लेली कड मोकळी पडली आणि दोन दारांमधून बाहेरच्या दिव्याची उजेडाची रेघ दिसू लागली. नाशिकचा हिवाळा तसा कडकच. जवळच्या निफाडला काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षे वाचवायला बागांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. माझी आई मात्र सारा जन्म रत्नागिरीकडे राहिलेली. तिच्या लेखी खिडकी म्हणजे वारा आत घेण्याची सोय. वारा बाहेर ठेवण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिची खाट नेमकी उत्तरेच्या खिडकीखाली होती. आठ दिवसांत तिला खोकला धरला. "अरे, मानेवर कोणी गार पाण्याची धार धरल्यासारखे वाटते," ती म्हणाली.

फसलेला पडदा

मी पहिला उपाय केला तो कोणीही करील असाच. खिडकीच्या गजांना दोरी बांधून तिच्यावर दुहेरी गोधडी टांगली. गोधडी उष्णतेची दुर्वाहक, तेव्हा थंडी अडणारच, असा माझा तर्क. रात्री वारा सुटला आणि गोधडी गलबताच्या शिडासारखी फुगली. बाजूंनी आणि खालून गार हवा येतच राहिली.

नववीत शिकणारी माझी मुलगी हे पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, वारा नक्की कुठून येतो ते आधी पाहू या ना." देवापुढची उदबत्ती घेऊन ती खिडकीच्या कडेने हळूहळू फिरवू लागली. कागद, कापड दूर ठेवून आम्ही हे केले, तुम्हीही तसेच करा. वारा पडलेला होता, पंखा बंद होता. खालच्या फटीशी उदबत्तीचा धूर आत वळला. मधल्या फटीशी थरथरला. आणि वरच्या फटीशी नेताच सरळ बाहेर ओढला गेला! तिला मोठे नवल वाटले. एकाच खिडकीत खाली हवा आत येते आणि वर बाहेर जाते, हे कसे?

तुम्ही अभिसरण शिकला आहात. खोलीतली उबदार हवा हलकी, ती वर चढते आणि वरच्या फटीतून निसटते. तिची जागा भरायला बाहेरची थंड, जड हवा खालच्या फटीतून शिरते. म्हणजे वारा नसला तरी खोली आपोआप थंड हवा आत ओढत राहते. वारा सुटला की त्याचा दाब यात भर घालतो. हवा एका खिडकीने शिरते आणि दुसऱ्या खिडकीने निघून जाते.

थोडा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. उत्तरेची खिडकी १.२ मीटर उंच आणि १ मीटर रुंद आहे. चौकटीभोवतीची फट ४.४ मीटर, आणि दोन दारे मिळतात तिथली उभी फट १.२ मीटर. एकूण लांबी ५.६ मीटर, म्हणजे ५६० सेंटिमीटर. फटीची रुंदी आम्ही कागदांनी मोजली. एका जाड वहीच्या ५० पानांची जाडी पट्टीने मोजून एका पानाची जाडी काढली आणि फटीत किती पाने सरकतात ते पाहिले. सरासरी २ मिलिमीटर आली.

५६० गुणिले ०.२, म्हणजे ११२ चौरस सेंटिमीटर! साडेदहा सेंटिमीटर बाजूचा चौरस. तळहाताएवढे, किंबहुना जरा मोठेच भोक. ते एका जागी असते तर पहिल्याच रात्री मी ते बुजवले असते. पण ते साडेपाच मीटर लांब आणि दोन मिलिमीटर रुंद असे ताणलेले होते, म्हणून डोळ्यांना दिसले नाही.

पुढे चला. या फटीतून हवा सेकंदाला १ मीटर इतक्याच मंद गतीने आत येते असे धरू. मग सेकंदाला सुमारे ११ लिटर आणि तासाला सुमारे ४० घनमीटर हवा आत येईल. आमची खोलीच मुळी ३० घनमीटरची! म्हणजे तासाभरात खोलीतली सगळी हवा बदलून वर आणखी थोडी.

११ लिटर हवेचे वजन सुमारे १३ ग्रॅम. एक ग्रॅम हवा १ अंशाने तापवायला सुमारे १ ज्यूल उष्णता लागते. आत आणि बाहेर १० अंशांचा फरक धरला तर दर सेकंदाला सुमारे १३० ज्यूल, म्हणजेच १३० वॅट उष्णता या फटीच्या वाटेने जाते.

हा आकडा मोठा की लहान? आमच्या खोलीत हीटर नाही. पण तीन हीटर आहेत: आई, मुलगी आणि मुलीची आई. झोपलेले मोठे माणूस सुमारे ७० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे दोन माणसांच्या अंगची ऊब ती एकटी खिडकी रात्रभर बाहेर फेकत होती.

आणि खिडकीच्या लाकडातून किती जाते? अडीच सेंटिमीटर जाड फळीतून, तेवढ्याच क्षेत्रफळातून, तेवढ्याच फरकाला वहनाने सुमारे ३५ ते ४० वॅट. म्हणजे मी गोधडी टांगून चाळीस वॅटच्या चोराला अडवत होतो आणि एकशे तीस वॅटच्या चोराला वाट मोकळी ठेवत होतो. या साऱ्या प्रकरणातला धडा हाच: आधी फट, मग फळी.

स्थिर हवा आणि वाहती हवा

इथे एक गंमत लक्षात घ्या. आपला शत्रू हवा, आणि आपला मित्रही हवाच! स्थिर हवा उष्णतेची अतिशय दुर्वाहक. लाकूड तिच्यापेक्षा सुमारे सहापट आणि काच सुमारे चाळीसपट जास्त उष्णता वाहून नेते. गोधडी, लोकर, पिसे यांची ऊब मुख्यतः त्यांच्या धाग्यांत अडकून पडलेल्या हवेची असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने थर्मामीटरभोवती रेशीम, कापूस, लोकर, पिसे असे पदार्थ आळीपाळीने ठेवले आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. उष्णतेवरील त्याच्या संशोधनासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला १७९२ साली कोपली पदक दिले. हवा अडवली की ती पांघरूण होते. वाहू दिली की तीच ऊब उचलून नेते.

म्हणूनच कडा मोकळ्या असलेला पडदा उपयोगी पडत नाही. त्याच्यामागची हवा अडकलेली नसते, ती वाहत असते.

खिळा न ठोकता

आता उपाय. भाड्याच्या घरात उपायाला दोन अटी. एक, चौकटीला इजा होता कामा नये. दुसरी अट काकांची नव्हे, लाकडाची: भरलेली वस्तू मऊ किंवा काढता येणारी हवी. हिवाळ्यात फटीत कठीण लांबी भरून टाकली, तर पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि खिडकी पुन्हा लागणार नाही.

पैसा लागला नाही असा उपाय आम्ही सर्वांत आधी केला. आईची खाट खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी नेली. त्याच रात्री तिच्या मानेवरची धार थांबली.

उत्तरेची खिडकी हिवाळाभर उघडायची नव्हती. तिच्या फटींवर आतून वर्तमानपत्राच्या चार बोटे रुंद दुहेरी पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवल्या. बाइंडर लोक खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घरात वापरू नका. फाल्गुनात ओल्या फडक्याने पुसले की पट्ट्या निघून येतात. मात्र आधी एका कोपऱ्यात लावून, काढून पाहा. जुना रंग सुटत असेल तर वेळीच कळते.

पूर्वेची खिडकी रोज उघडावी लागे. तिच्या चौकटीत, दार जिथे टेकते त्या खाचेत, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टीची स्पंजाची पट्टी लावली. दार लावले की स्पंज दबतो आणि फट भरतो. पट्टी फार जाड घेऊ नका, नाहीतर कडी लागत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. दोन तावदाने खुळखुळत होती. काच बसवताना लावलेली पुट्टी, जिला रंगारी लांबी म्हणतात, ती वाळून पडली होती. हे काम कायमचे, म्हणून काकांना विचारले. ते वर आले, उदबत्तीचा प्रयोग त्यांनी स्वतः करून पाहिला आणि म्हणाले, "लांबी मी भरून देतो. आमच्या खालच्या खोलीतही हेच असणार!"

दाराखालच्या फटीसाठी जुन्या लुगड्याच्या पट्टीची लांब नळी शिवून तिच्यात वाळू भरली. मुलीने तिला 'वाळूचा साप' असे नाव दिले. हा साप उंबरठ्याशी पडून राहतो, वजनामुळे हलत नाही.

हे सगळे झाल्यावर, आणि मगच, फळ्यांवर गोधडी लावली. या खेपेला तिच्या कडा चौकटीला कापडी चिकटपट्टीने चिकटवल्या, म्हणजे मधली हवा अडकून राहावी. काचेच्या खिडकीवर असाच पारदर्शक प्लास्टिकचा ताव ताणून लावता येतो. काच आणि ताव यांत एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा. फार जास्त ठेवले तर मधल्या हवेतच अभिसरण सुरू होते आणि फायदा वाढत नाही.

शेगडी

इथवर मी स्वतःवर खूश होतो. पण पुढे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे बरोबर होणार नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी मी घरी आलो. झोपण्याच्या खोलीचे दार बंद, दाराशी वाळूचा साप. आत आईने कोळशाची शेगडी पेटवून ठेवली होती, आणि गार हवा येऊ नये म्हणून झरोक्यातही फडके कोंबून घेतले होते. शेजारी मुलगी अभ्यास करत होती. "आता खिडक्या बंद झाल्यात ना, म्हटले खोली छान तापेल," आई म्हणाली. मुलगी म्हणाली, "बाबा, माझे डोके खूप दुखतंय."

मी खिडकी-दार सताड उघडले, दोघींना गच्चीवर नेले आणि मग शेगडी बाहेर काढली. अर्ध्या तासात मुलीचे डोके उतरले, तरी दोघींना डॉक्टरांकडे नेऊन आणले. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईची चूक नव्हती. तिच्या घरी, कौलांतून आणि दारांतून चारी बाजूंनी हवा खेळत असताना तिने शेकडो वेळा शेगडी पेटवली होती. फटी बुजवून ती खोली धोक्याची केली होती मी, आणि तिला सांगायचे विसरलो होतो.

कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात; तिथेच घात होतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. मग रक्त फिरते, पण प्राणवायू पोचत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काहीच कळत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या हिवाळ्यात येतात. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरनेही असेच बळी घेतले आहेत.

तेव्हा हा नियम वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: फटी बुजवलेल्या खोलीत शेगडी, कोळसा, स्टोव्ह, गॅस, काहीही पेटवायचे नाही.

एक वाट उघडी हवी

शेगडी नसली तरी सर्व वाटा बंद करून चालत नाही. झोपलेले माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकते. तिघांचे आठ तासांचे २८८ लिटर होतात. आमच्या ३० घनमीटरच्या, म्हणजे ३०,००० लिटरच्या खोलीत त्याचे प्रमाण सकाळी जवळजवळ १ टक्का होईल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ०.०४ टक्के असते. अशा हवेत उठलेला माणूस ताजातवाना उठत नाही. आणि त्यातल्या एकाला खोकला असेल तर तीच हवा सर्वांच्या छातीत फिरते. २०२० च्या करोनाच्या साथीनंतर हे कोणाला सांगायला नको.

म्हणून आम्ही झरोका उघडा ठेवतो, आणि आतल्या खोलीचे दार चार बोटे किलकिले. थोडी ऊब त्या वाटेने जाते. जाऊ द्यावी. ती मोकळ्या हवेची किंमत आहे. फरक एवढाच, की पूर्वी हवा वाऱ्याच्या मर्जीने, झोपलेल्याच्या मानेवरून येत होती. आता ती आपल्या मर्जीने, डोक्याच्या वरून, हवी तेवढी येते.

किती फरक पडला?

आम्ही दोन थर्मामीटर घेतले. आधी एका ठिकाणी शेजारी-शेजारी ठेवून ते सारखेच दाखवतात ना, हे पाहिले. मग एक आत, एक बाहेर सावलीत, आणि पहाटे सहाची नोंद. उपायांच्या आधीच्या पाच रात्री आत-बाहेरचा फरक सरासरी ७ अंश होता. नंतरच्या पाच रात्री, झरोका उघडा ठेवून, ९ अंश झाला. नुसते आतले तापमान का लिहिले नाही? कारण बाहेरची थंडी रोज वेगळी असते. तुलना फरकाचीच करायला हवी.

"एवढा खटाटोप करून दोनच अंश?" मुलगी जराशी हिरमुसली. पण आईला विचारा! अंगाला लागते ते केवळ तापमान नसते. वाहती हवा त्वचेजवळची उबदार हवा सतत उचलून नेते, म्हणून तीच थंडी जास्त बोचते. ती धार थांबली आणि आईची झोप लागू लागली. थर्मामीटरला दोन अंश दिसले, आईला त्याहून बरेच अधिक मिळाले.

करून पाहा

१. वारा नसलेल्या रात्री, मोठ्या माणसांसमोर, उदबत्तीने घरातल्या एका खिडकीचा नकाशा काढा. धूर आत वळतो तिथे एक बाण, बाहेर जातो तिथे उलटा बाण.

२. फटीची लांबी आणि रुंदी मोजून क्षेत्रफळ काढा. तेवढा चौरस पुठ्ठ्यातून कापा आणि भिंतीवर धरून घरच्यांना दाखवा. आमच्या काकांची खात्री आकड्यांनी पटली नसती, पुठ्ठ्याने लगेच पटली.

३. हीच खिडकी श्रावणात पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. लाकूड किती फुगले ते तुमचे तुम्हालाच कळेल.

शिक्षक मित्रांना एक विनंती. वहन आणि अभिसरण यांतला भेद फळ्यावर सांगितला की मुले तो परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. एकदा वर्गाच्या खिडकीशी उदबत्ती धरून पाहा. आणि तो तास संपवताना शेगडीचे सांगायला मात्र विसरू नका. मी विसरलो होतो.